यादव-बहामनी काळावरच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये चमत्कार, शकुन आणि वारी कशी दाखवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२७० ते १५०० या काळातल्या दख्खनवर तुम्ही टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम बनवताय, देवगिरीचे यादव, मग दिल्लीवाले, मग बहामनी. चमत्कार खरे दाखवले तर गेम फॅन्टसी होतो, खोटे दाखवले तर लोक दुखावतात, आणि वारीचं काय करायचं ते सुचत नाहीये. मी पंधरा वर्षं ऐतिहासिक गेम डिझाइन करतोय, आधी बोर्डगेम आणि नंतर कॉम्प्युटरवरचे, आणि माझे दोन प्रोटोटाइप नेमके इथेच अडकले होते, त्यामुळे उत्तर जरा लांब होईल.

आधी मी काय चुकलो ते सांगतो. पहिल्या बोर्डगेममध्ये मी चमत्काराचं कार्ड ठेवलं होतं, ते टाकलं की सैन्याचं मनोबल वाढायचं. लोक ते कार्ड तोफेसारखं वापरायला लागले, हातात दाबून ठेवायचे आणि शेवटच्या लढाईत काढायचे. टेबलावरच्या एकालाही आपण काही अद्भुत पाहिलं असं वाटलं नाही. दुसऱ्या प्रोटोटाइपमध्ये मी उलट केलं, चमत्कार म्हणजे पुजाऱ्यांनी पसरवलेली अफवा, आणि खेळाडूला ते आतून माहीत. तेही फसलं, कारण मग सगळेच खेळाडू धूर्त झाले आणि त्या जगात खरोखर नवस बोलणारं, रडणारं, अनवाणी चालणारं माणूसच उरलं नाही. दोन्हीकडे चूक एकच होती, चमत्कार खरा का खोटा याचा निकाल मी डिझायनर म्हणून आधीच देऊन टाकला होता.

मग मी त्या काळाची कागदपत्रं नीट वाचायला बसलो, युरोपातली आधी, कारण तिथल्या मठांनी लिहून ठेवलंय भरपूर. तेव्हा लक्षात आलं की गेमला चमत्कार लागतच नाही, त्याची बातमी लागते. कोणी सांगितली, कोणी मानली, ती कोणाच्या सोयीची होती, ती ऐकून माणसं कुठं चालत गेली आणि पैसा कुठं साठला, हे सगळं मोजता येतं. घडलं का नाही हे मोजता येत नाही, तर ते व्हेरिएबलच गेममध्ये ठेवायचं नाही. कोडमध्येसुद्धा नाही. एकदा ठेवलं की इव्हेंट लिहिणारा कुठंतरी ते वाचतोच आणि मजकुरात त्याचा सूर उतरतो.

उदाहरण म्हणून अँटिऑक घ्या. जून १०९८, पहिल्या धर्मयुद्धातल्या लोकांनी शहर घेतलं आणि लगेच मोसुलच्या तुर्की सरदार करबुगाच्या मोठ्या फौजेने त्यांनाच आत कोंडलं, खायला नाही, घोडे मेलेत. पीटर बार्थोलोम्यू नावाच्या एका साध्या माणसाला दृष्टांत होतो की येशूच्या कुशीत खुपसलेला भाला इथल्या सेंट पीटरच्या चर्चमध्ये पुरलेला आहे. खणतात, लोखंडाचा तुकडा सापडतो, आणि २८ जूनला ही उपाशी फौज बाहेर पडून जिंकते. बहुतेक गेम इथंच थांबतात, भाला सापडला, बोनस मिळाला, संपलं. पण खरी गंमत पुढे आहे. मोहिमेतला पोपचा प्रतिनिधी आदेमार याला सुरुवातीपासून शंका होती, कारण तसाच एक भाला कॉन्स्टँटिनोपलमध्ये आधीच पूजेत होता. भाला होता तुलूझच्या रेमंडच्या गोटात, म्हणून रेमंडचं वजन वाढलं, म्हणून त्याच्यावर जळणाऱ्यांना त्या भाल्यावर अचानक शंका यायला लागल्या. शेवटी एप्रिल १०९९ मध्ये, अर्काच्या वेढ्यात, पीटरने स्वतः अग्निदिव्य केलं, पेटत्या लाकडांमधून चालत गेला आणि काही दिवसांत मेला. तिथंही निकाल लागला नाहीच! एक गट म्हणाला भाजून मेला, दुसरा म्हणाला आगीतून धड बाहेर आला होता, गर्दीने तुडवला.

आता यात गेमचा सांगाडा तयारच आहे बघा. आधी दावा येतो, मग तो कोणाच्या हातात पडतो ते, मग त्याच्याशी एखादी लढाई किंवा दुष्काळ किंवा आजार जोडला जातो, मग विरोधक त्याची परीक्षा मागतात, आणि परीक्षेनंतर दोन गट आपापली गोष्ट घेऊन घरी जातात. मी नंतरच्या गेममध्ये प्रत्येक चमत्काराला असंच आयुष्य दिलं. बोनस दिला तो पण दाव्याच्या मालकाला, आणि त्याच्याबरोबर धोकाही त्यालाच.

दुसरी केस कँटरबरीची. आर्चबिशप थॉमस बेकेट २९ डिसेंबर ११७० ला स्वतःच्याच कॅथेड्रलमध्ये मारला गेला, राजा दुसरा हेन्री याच्या सरदारांकडून. थोड्याच दिवसांत बरं झाल्याच्या कहाण्या सुरू झाल्या, त्याच्या रक्ताचा अंश मिसळलेलं पाणी लोक छोट्या शिशाच्या-कथलाच्या कुप्यांत भरून न्यायला लागले, ११७३ मध्ये पोपने त्याला संत जाहीर केलं, दोन भिक्षूंनी मिळून सातशेच्या वर चमत्कार नोंदवले. आणि मग जुलै ११७४. हेन्रीविरुद्ध त्याचेच मुलगे उठलेत, स्कॉटलंडचा राजा उत्तरेत घुसलाय. हेन्री अनवाणी कँटरबरीत येतो, भिक्षूंकडून पाठीवर फटके मारून घेतो, रात्रभर कबरीपाशी थांबतो. तारीख १२ जुलै. १३ जुलैला स्कॉटलंडचा राजा विल्यम अ‍ॅनिकपाशी पकडला जातो. काही दिवसांनी लंडनमध्ये हेन्रीला ही बातमी पोचते आणि तारखा जुळवल्यावर सगळ्यांच्या अंगावर काटा येतो. मेलेला शत्रू त्याच्या बाजूने उभा राहिला. इथं डिझायनरने काहीही करायचं नाहीये. प्रायश्चित्त एक इव्हेंट, लढाई दुसरा इव्हेंट, दोन्ही आपापल्या नियमांनी घडतात, फक्त बातमी पोचायला दिवस लागतात आणि पोचल्यावर गेमने तारखा शेजारी शेजारी दाखवायच्या. खेळाडू स्वतःच जोडतो. मी हे टेस्ट करताना पाहिलंय, एका मुलीने खरोखर हात जोडले आणि मग टेबलावर कोणी बोललं नाही काही वेळ. कुठल्याही +२ च्या बोनसने हे झालं नव्हतं.

आता तुमच्या दख्खनकडे येतो, कारण इथला मालमसाला युरोपपेक्षा कमी नाही, फक्त आपण तो भक्तीच्या कप्प्यात ठेवतो आणि राजकारणाच्या कप्प्याशी जोडत नाही. बहामनी सुलतान अहमदशाह घ्या, १४२२ ते १४३६. त्याच्या आधीचा सुलतान, त्याचा भाऊ फिरोजशाह, विद्वान माणूस, पण गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाज गेसूदराजांशी त्याचं बिनसलं. ख्वाजांनी फिरोजच्या मुलाला आशीर्वाद द्यायचं नाकारलं आणि गादी अहमदला मिळणार असं सांगितलं, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. झालंही तसंच. पुढे अहमदच्या काळात पाऊस पडेना, तेव्हा सुलतान स्वतः शहराबाहेर टेकडीवर जाऊन रडून प्रार्थना करतो, पाऊस येतो, आणि लोक त्याला वली, म्हणजे संत, म्हणायला लागतात. बिदरजवळ अष्टूरला त्याची कबर आहे, तिथं उरुसाला आजही लिंगायतांचे जंगम मानाने येतात आणि त्याला लिंगायत संत अल्लमप्रभूंचं रूप मानणारे भाविक आहेत. एका राज्यकर्त्याच्या बाबतीत आशीर्वाद, वारसाहक्क, दुष्काळ आणि दोन धर्मांची श्रद्धा हे सगळं एका धाग्यात आहे. गेममध्ये हे करा: दुष्काळात राजाला प्रार्थनेला जाण्याचा पर्याय द्या, पण चारचौघांत. पाऊस त्याच्या आधीच हवामानाच्या फाशाने ठरलेला असू दे, प्रार्थनेने फासा बदलत नाही. आला तर वली. नाही आला तर हजारो लोकांनी राजाला रिकाम्या हाताने परत येताना पाहिलं. हा जुगार फार खरा वाटतो, आणि जो राजा टेकडीवर जातच नाही त्याचीही किंमत असते.

कौलाचंही असंच. आपल्याकडे, कोकणात आणि गोव्यात तर अजूनही, देवाला फूल-पाकळी लावून कौल घेतात, उजवी पडली तर हो आणि डावी पडली तर नको. त्या काळातल्या राजाला स्वारीआधी मुहूर्त किंवा कौल विचारायचा पर्याय द्या. विचारला आणि उजवा आला तर सैन्य खुशीत निघेल, डावा आला आणि तरी निघालात तर पहिल्या पराभवाला सगळे तेच बोट दाखवतील. न विचारता निघालात तर सेनापती कुरकुरणार. यातलं काहीच अडाणीपणाचं नाही, अनिश्चितता सगळ्यांनी मिळून उचलायची ती एक पद्धत आहे, आणि मी तुम्हाला कळकळीने सांगतो की स्क्रीनवर ‘अंधश्रद्धा’ नावाची पट्टी ठेवू नका. हा शब्द आपला, आजचा आहे, आणि आपल्या लढ्यात तो हवाच, पण १३०० सालच्या पैठणमध्ये तो ठेवला तर खेळाडूला तिथलं काहीच दिसणार नाही. त्या काळी भांडण असायचं ते कोणाची श्रद्धा अधिकृत यावर.

पण म्हणून त्या काळात शंका घेणारे नव्हते असंही दाखवू नका, ही चूक सहानुभूतीने लिहिणारे लोक हमखास करतात. ल्योंचा आर्चबिशप अ‍ॅगोबार्ड नवव्या शतकात लिहितो की जादूने गारपीट आणता येते हे लोकांचं मानणं निव्वळ चूक आहे. बाराव्या शतकात गिबेर नावाचा मठाधिपती विचारतो की बाप्तिस्मा देणाऱ्या योहानची डोकी दोन ठिकाणी कशी. आणि आपल्याकडे तेराव्या शतकात चक्रधरस्वामी देवतांच्या भजनपूजनातून आणि तीर्थांच्या मागे लागण्यातून आपल्या माणसांना बाहेर काढत होते, आणि लीळाचरित्रात त्यांच्याही अद्भुत लीळा आहेतच. शंका आणि चमत्कार एकाच माणसात, एकाच पंथात राहतात. तुमच्या गेममधल्या पात्रांना ‘श्रद्धाळू’ किंवा ‘संशयी’ असं एकच लेबल चिकटवू नका, दावा कोणाकडून आला त्यावर त्यांचा विश्वास बदलू दे. दुसऱ्याच्या चमत्काराची चौकशी करणारा माणूस स्वतःच्या गुरूच्या चमत्कारावर डोळ्यांत पाणी आणतो.

वारीबद्दल मी सगळ्यात जास्त अडखळलो. माझ्या दुसऱ्या प्रोटोटाइपमध्ये वारी ही राजाची अ‍ॅक्शन होती, पैसे भरा, यात्रा भरवा, प्रजेचं समाधान वाढवा. टेस्टला एक काका होते, घरात चार पिढ्यांची माळ. दोन डाव खेळले आणि शांतपणे म्हणाले, “अहो, वारी कोणी काढत नाही. वारी निघते.” ते वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलं आणि ते पूर्ण सिस्टिम काढून टाकलं. आता माझ्याकडे वारकरी हे युनिट नसतात. ते नदीसारखे वाहतात, तिथी आली की गावागावातून निघतात, खेळाडूला विचारत नाहीत. राजा फक्त वाटेत काय काय करतो तेवढं ठरवतो: अन्नछत्र घालतो, होड्या ठेवतो, चोरांपासून राखतो, कर लावतो, किंवा अडवतो.

आणि काळाचं भान ठेवा, इथं बहुतेक जण घसरतात. माउलींच्या पादुकांची पालखी, अश्व, रिंगण, हे सगळं तेराव्या शतकात दाखवू नका. तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून नेणं हे १६८५ च्या सुमाराला नारायण महाराजांनी सुरू केलं आणि आळंदीच्या सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात दिलं. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळी वारी होती, पण तुमच्या आर्टिस्टला इंटरनेटवरून जे फोटो मिळतील ते सगळे नंतरचे. टाळ, पताका, खांद्यावर शिदोरी, नदीकाठी मुक्काम, एवढंच ठेवलं तरी चित्र भरतं.

आषाढीची वेळ तर गेम डिझायनरला दिलेलं दानच आहे. मृगाची पेरणी उरकून शेतकरी निघतो, आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपूर, तेव्हा भीमेला पाणी चढलेलं, त्याच दिवशी चातुर्मास लागतो, आणि स्वाऱ्या तर पावसात तशाही बंद. दसऱ्याला सीमोल्लंघन, कार्तिकीला चातुर्मास संपतो. म्हणजे वर्षाचे टर्न तुम्हाला वेगळे पाडायची गरजच नाही, लढाईचं अर्धं वर्ष आणि चालण्याचं अर्धं वर्ष असे ते आपोआप पडतात. उशिरा पेरणी झाली तर वारीला कमी लोक, दुष्काळ पडला तर कधी खूप कमी आणि कधी खूप जास्त, कारण गावात राहून तरी करणार काय.

पैशाचा भाग विसरू नका, यात्रेकरूंवरचा कर हा मध्ययुगातला खराखुरा राजकीय मुद्दा आहे. गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाने आईच्या, मीनळदेवीच्या सांगण्यावरून सोमनाथला जाणाऱ्यांवरचा बाहुलोडचा कर रद्द केला, आणि त्याचं उत्पन्न ७२ लाख होतं असं जैन ग्रंथकार मेरुतुंग सांगतो. आकडा फुगवलेला असेल तरी लोकांना तो त्याग केवढा वाटला ते कळतं. त्याहून सुंदर होयसळांचं. १२७९ च्या शिलालेखात तिसऱ्या नरसिंहाने एका गावाचं वर्षाचं ६४५ निष्कांचं (निष्क म्हणजे सोन्याचं नाणं) उत्पन्न काशीला लावून दिलंय, तिथल्या आपल्या मुलखातल्या लोकांना तुर्कांनी बसवलेला कर भरता यावा म्हणून. कर्नाटकातला राजा दुसऱ्याच्या राज्यातल्या तीर्थावरचा कर भरतोय! असा पर्याय तुमच्या डिप्लोमसी स्क्रीनवर ठेवा, शत्रूच्या खजिन्यात आपले पैसे जाणार आणि घरी मान वाढणार. खेळाडू त्यावर पाच-पाच मिनिटं विचार करतात.

पंढरपूरच्या देवळातला १२७३ ते १२७७ या वर्षांचा शिलालेख तर माझ्या सगळ्या डिझाइनचा पाया आहे. मुळात ती देणगीदारांची यादी, कोणी किती दिले, त्यात रामचंद्रदेव यादव आहे, हेमाडपंत आहे आणि साधी माणसंही आहेत. पुढे लोक त्याला चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणायला लागले आणि त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो असं मानायला लागले. हिशोबाचा दगड तारणारा दगड झाला. गेममध्ये तुम्ही १२७० च्या दशकात देणगी नोंदवली तर शंभर टर्नांनी तीच नोंद भाविकांना ओढायला लागलेली दिसू दे, काहीही न सांगता.

दोन गोष्टी भरभर सांगतो. गोष्टी पसरण्याचा वेग सैन्याच्या वेगाशी बांधू नका, कीर्तनकार आणि यात्रेकरू सरहद्द मानत नाहीत, नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, पंजाबपर्यंत कुठल्याही यादव सैन्याशिवाय पोचलेली. आणि १२९६ हे वर्ष गेममध्ये सावकाश येऊ दे, अल्लाउद्दीनची देवगिरीवरची धाड आणि आळंदीची समाधी एकाच वर्षातली. त्यांच्यात नातं आहे असं सुचवू नका, फक्त दोन्ही एकाच पानावर दिसू देत.

देऊळ सगळ्यांना उघडं दाखवणार असाल तर मात्र मी तुमच्याशी भांडेन. चोखोबांना महाद्वाराच्या आत जाता आलं नाही. मंगळवेढ्याला १३३८ मध्ये गावकुसाची भिंत कोसळून ते आणि बरोबरचे मजूर गेले, नामदेवांनी हाडं कानाला लावली आणि ज्यांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि ती महाद्वारापाशी पुरली, अशी ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडलं ते १९४७ ला, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे तुमचा गेम जिथं संपतो त्याच्याही साडेचारशे वर्षांनी. यात्रेकरूंच्या प्रवाहातला एक भाग नेहमी पायरीपाशी थांबतो हे नकाशावर दिसलं पाहिजे, आणि राजाने कितीही दान दिलं तरी ते एका बटणाने बदलता येता कामा नये. मी आधी ‘सुधारणा’ नावाचा पर्याय ठेवला होता, खेळाडूला बरं वाटायचं म्हणून. काढून टाकला. त्या बंद दाराच्या जागी चोखोबांचे अभंग येतात, त्यांची पत्नी सोयराबाईंचे येतात, आणि ते दाराच्या आतल्या लोकांपर्यंतही पोचतात, एवढी एकच हालचाल मी ठेवलीय.

आणि शेवटचं, दामाजीपंतांचं, कारण तुम्ही मेसेजमध्ये खास विचारलंय. मंगळवेढ्याचा बहामनी अंमलदार, दुष्काळात बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार न विचारता लोकांसाठी उघडतो. बादशहा बोलावणं धाडतो. दामाजी पोचायच्या आत विठू महार नावाचा एक माणूस दरबारात येऊन सगळी रक्कम भरतो, पावती घेतो आणि निघून जातो. तुम्ही सुचवलंय की बादशहानेच कर माफ केला आणि लोकांनी त्याची गोष्ट केली असा इव्हेंट करू. नको. तेही निकाल देणंच आहे, फक्त सभ्य भाषेत. विठोबाला पडद्यावर आणणंही नको. खेळाडू दामाजी असेल तर त्याला कोठार उघडायचं का हे विचारा, आणि उघडलं तर मंगळवेढ्यात त्या वर्षी किती माणसं जगली तो आकडा दाखवा. खेळाडू सुलतान असेल तर पुढच्या टर्नला त्याच्या जमाखर्चात एक ओळ येऊ दे: मंगळवेढे, धान्याची पूर्ण रक्कम जमा, हस्ते विठू महार. त्या ओळीवर क्लिक केलं तर काहीच उघडत नाही. नुसती पावती आहे, आणि रक्कम बरोबर आहे.